मुलाचे डोळे तपासायला अख्खा दिवस का लागतो?

चार वर्षांच्या मुलाला एका डोळ्याने अंधुक दिसत असेल, तर घरात कुणाच्याही ते लक्षात येत नाही. खुद्द मुलालाही कळत नाही. दुसऱ्या डोळ्याच्या जोरावर ते धावतं, जिना उतरतं, फरशीवरची मुंगी बोटाने दाखवतं. जग असंच दिसतं असं त्याने गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे तक्रार कशाची करणार? मोठ्या माणसाची नजर कमी झाली तर कालपर्यंतचं वाचन आज जमत नाही, आणि तो स्वतःहून डॉक्टरकडे येतो. मुलांच्या बाबतीत ते शोधून काढावं लागतं. रुग्णालयातल्या बाल नेत्रविभागाचं बरंचसं काम या शोधण्याभोवतीच फिरतं.

दुसरा फरक मेंदूचा आहे. डोळा चित्र पाठवतो, पण पाहायला शिकतो तो मेंदू, आणि हे शिक्षण मुख्यतः पहिल्या ७-८ वर्षांत होतं. या काळात एका डोळ्याकडून धूसर किंवा वाकडं चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. डोळा बाहेरून धडधाकट दिसतो, आतून तपासला तरी धड असतो, पण योग्य चष्मा लावूनही नजर येत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. नाव थोडं अन्यायकारक आहे, कारण डोळ्याने आळस केलेला नसतो. त्याला काम मिळालेलं नसतं. ‘मोठा झाला की बघू’ हे वाक्य मुलाच्या डोळ्याला सगळ्यात महागात पडतं ते या कारणाने.

आता तपासणीच्या दिवसाकडे. केसपेपर काढल्यावर मूल आधी ऑप्टोमेट्रिस्टकडे, म्हणजे नजर आणि नंबर तपासणाऱ्याकडे जातं. इथे वयाप्रमाणे पद्धत बदलते. तान्ह्या बाळाला अक्षरं विचारता येत नाहीत, म्हणून बाळ प्रकाशाकडे किंवा खेळण्याकडे नजर लावतं का, ती स्थिर राहते का, टिकून राहते का, हे प्रत्येक डोळ्याचं वेगळं पाहतात. मग एक डोळा हाताने झाकतात. चांगला डोळा झाकला की बाळ रडतं, हात ढकलतं, मान वळवतं. कमजोर डोळा झाकला तर त्याला फारसं काही वाटत नाही. ही युक्ती घरीही करता येते, फक्त बाळ पोटभर प्यायलेलं आणि खुशीत असताना करावी, नाहीतर ते दोन्ही वेळा रडेल आणि काहीच कळणार नाही. काही ठिकाणी राखाडी पुठ्ठ्यावर एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा असलेली कार्डं दाखवतात. रेघा दिसल्या की बाळाची नजर आपोआप तिकडे जाते. रेघा बारीक करत नेल्या की नजरेचा अंदाज येतो.

साधारण ३ वर्षांपासून चित्रांचा तक्ता चालतो: घर, सफरचंद, गोल, चौकोन. मुलाला नावं सांगायची लाज वाटत असेल तर हातात तीच चित्रं असलेलं कार्ड देतात आणि जोडी लावायला सांगतात. थोडं मोठं झालं की उलटसुलट फिरवलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता येतो. त्यात दांड्यांची तोंडं कुठे आहेत ते बोटांनी दाखवायचं. ६/१८ असं लिहिलं तर त्याचा अर्थ, चांगली नजर असलेला माणूस १८ मीटरवरून जे वाचतो ते वाचायला या मुलाला ६ मीटरवर यावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ६/१२ आलं तर घाबरायचं कारण नसतं, ते बहुधा वयाला धरूनच आहे. पण दोन डोळ्यांमध्ये दोन ओळींचा फरक पडला, तर वय काहीही असो, कारण शोधावं लागतं.

इथे एक गडबड सर्रास होते. मूल बोटांच्या फटीतून किंवा मान वाकडी करून चांगल्या डोळ्याने चोरून पाहतं. त्याला फसवायचं नसतं, त्याला फक्त दिसायला हवं असतं. म्हणून डोळा हाताने न झाकता चिकटपट्टीने बंद करतात. शेजारी बसलेल्या आईने किंवा आजोबांनी हळूच उत्तर सुचवणं हाही तितकाच मोठा घोळ. मूल नापास होत नाहीये. चुकीचं उत्तरसुद्धा डॉक्टरांना हवंच असतं.

मग थेंब, आणि दिवसाचा सगळ्यात लांब भाग. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. पाहताना ते इतकं जुळवून घेतं की मोठा प्लस नंबरही लपून राहू शकतो. चष्म्याच्या दुकानातल्या कम्प्युटर मशीनमध्ये पाहताना मूल डोळ्यावर जोर देतं, आणि प्रत्यक्षात प्लस नंबर असलेल्या मुलाला मायनस नंबर निघतो. असा चष्मा लावून पोराचं डोकं दुखतं आणि घरचे म्हणतात, चष्म्याची सवय नाही अजून. मुलाचा पहिला चष्मा थेंब न घालता कधीही करू नये, हे आमचं ठाम मत आहे. थेंबांनी दोन कामं होतात: भिंगाचा स्नायू काही काळ सैल पडतो, म्हणजे खरा नंबर निघतो, आणि बाहुली मोठी होते, म्हणजे आतला पडदा पाहता येतो.

कुठलं औषध, हे वयावर ठरतं. शाळकरी मुलांना बहुतेकदा सायक्लोपेंटोलेटचे थेंब दवाखान्यातच घालतात. एक थेंब, १० मिनिटांनी दुसरा, आणि त्यानंतर ४०-४५ मिनिटांनी तपासणी. होमॅट्रोपिन वापरलं तर थेंब जास्त वेळा घालावे लागतात, थांबावंही जास्त लागतं, आणि बाहुली दोन-तीन दिवस मोठी राहते. थेंब झोंबतात. ते मुलाला आधीच सांगावं. ‘काही होणार नाही’ असं सांगून थेंब घातले की पुढच्या प्रत्येक भेटीला मूल दारातूनच मागे फिरतं. डोळे घट्ट मिटून घेतले तर आडवं झोपवून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ थेंब ठेवायचा. मुलाने डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो. ओढाताण करायची गरजच पडत नाही.

लहान मुलांना, आणि ज्यांचे डोळे आत नाकाकडे वळतात त्यांना, अॅट्रोपिनचं १ टक्क्याचं मलम घरी नेऊन घालायला देतात. साधारण ३ दिवस, दिवसातून दोन वेळा, आणि तपासणीच्या सकाळी नाही, कारण मलमाचा थर राहिला तर आतलं धूसर दिसतं. प्रमाण तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त घातल्याने जास्त चांगलं होत नाही. मलम घातल्यावर नाकाशेजारचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरावा. त्या कोपऱ्यातून अश्रूंची नळी नाकात उतरते आणि तिथून औषध रक्तात जातं. मुलाचा चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, ते चिडचिडं किंवा असंबद्ध वागायला लागलं, तर मलम तिथेच थांबवून रुग्णालयाला कळवावं. मलम लावून झालं की हात धुवावेत, ट्यूब उंच फडताळात ठेवावी. हे औषध तोंडात गेलं तर लहान मुलाला विषबाधा होऊ शकते. अॅट्रोपिननंतर १० ते १४ दिवस बाहुली मोठी राहते, उन्हात डोळे दिपतात, जवळचं वाचता येत नाही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नये, आणि वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्यावी.

थेंबांनंतर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत एका हातातल्या उपकरणाने डोळ्यात उजेडाची रेघ फिरवतात आणि पुढ्यात भिंगं बदलत जातात. त्या उपकरणाला रेटिनोस्कोप म्हणतात. बाहुलीतून परत येणारी चमक रेघेबरोबर सरकते की उलट, यावरून नंबर कळतो. मुलाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. पाच महिन्यांच्या बाळाचा चष्म्याचा नंबर कसा काढतात याचं उत्तर हेच. त्यानंतर पडद्याची तपासणी. हे सगळं धरून पहिल्या भेटीला ३-४ तास सहज जातात. सोबत खाऊ, पाणी, उन्हासाठी टोपी आणि आधीचे सगळे कागद न्यावेत. आणखी एक: पुढे घरी चष्मा किंवा पट्टी ज्याच्या हातून लागणार, त्याने यायलाच हवं. आई-वडील दोघंही कामावर जात असतील आणि मूल दिवसभर आजीजवळ असेल, तर डॉक्टरांचं सांगणं आजीच्या कानावर थेट पडलं पाहिजे.

चष्मा आणि पट्टी

चष्मा लावला की नंबर वाढतो, हा समज खोटा आहे. नंबर डोळ्याच्या वाढीबरोबर बदलतो. जन्मतः डोळ्याची लांबी १६-१७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३-२४ होते. या प्रवासात नंबर जागचा राहील ही अपेक्षाच चुकीची. चष्मा लहान मुलाच्या नाकावर नीट बसणारा, प्लास्टिकच्या न फुटणाऱ्या काचेचा असावा. त्यासाठी पॉलिकार्बोनेट मागावं. फ्रेम मोठी घेतली की ती खाली घसरते आणि मूल काचेच्या वरून पाहतं, मग चष्मा फक्त शोभेला उरतो. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मापापेक्षा मोठी चप्पल घेता येते, चष्मा नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला मागून इलॅस्टिकचा पट्टा लावतात. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत चष्मा लावायचा असतो, फक्त अभ्यासापुरता नाही, डॉक्टरांनी तसं वेगळं सांगितलं नसेल तर.

आळशी डोळ्यावर पहिला इलाज चष्माच. नुसता चष्मा नियमाने लावला तरी पुढचे चार महिने नजर सुधारत राहू शकते, म्हणून काही डॉक्टर पट्टी लगेच देत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टी. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. हे उघड वाटतं, पण ‘आजारी डोळा झाकायचा’ या सवयीने उलट्या डोळ्याला पट्टी लावणारी घरंही असतात, आणि महिनाभराने नजर तपासली की जिथल्या तिथे असते. केसपेपरवर ‘उजवा’, ‘डावा’ लिहून घ्या आणि घरात कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

किती तास? मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला रोज २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच काम करते, हे अमेरिकेतल्या बाल नेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या संशोधन गटाने मुलांचे दोन गट करून तपासलेलं आहे. नजर फारच कमी असेल तर ६ तास लागतात, आणि तेही दिवसभराच्या पट्टीइतकेच उपयोगी ठरले. म्हणून शेजारच्या मुलाला सहा तास आणि आपल्याला दोनच का, असा प्रश्न पडू देऊ नका. लिहून दिलेले दोन तास खरोखर दोन तास झाले का, हे जास्त महत्त्वाचं. पट्टी चष्म्याच्या काचेवर नाही, त्वचेवर चिकटवायची, आणि तिच्यावरून चष्मा घालायचा. काचेवर लावली तर मूल बाजूने डोकावतं.

पहिला आठवडा कठीण असतो. कमजोर डोळ्याने पाहताना मूल खरंच अडखळतं, घाबरतं, पट्टी ओढतं. तेव्हा पट्टी लावून जिन्यावर किंवा रस्त्यावर सोडू नये. पट्टीची वेळ रोज एकच ठेवली, आणि त्या वेळेत त्याच्या आवडीचं काही दिलं, जसं चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदूळ निवडायला आजीला मदत, आवडीचं कार्टूनसुद्धा, तर दहा-बारा दिवसांत ते अंगवळणी पडतं. बारीक कामच केलं पाहिजे असं नाही. पट्टी टिकली पाहिजे, एवढंच. त्वचा लाल झाली तर रोज पट्टी थोडी तिरपी-सरळ फिरवून लावावी आणि काढताना पाण्याने भिजवून सावकाश काढावी.

पट्टी अजिबात टिकत नसेल तर दुसरा मार्ग आहे: चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिन घालून तो मुद्दाम धूसर ठेवणं, आठवड्यातले दोन दिवस. मध्यम आजारात हाही पट्टीच्या तोडीचा इलाज ठरला आहे. मात्र नंबर वाढू नये म्हणून काही मुलांना रोज रात्री घालायला देतात ते अॅट्रोपिन ०.०१ ते ०.०५ टक्क्यांचं, आणि हे १ टक्क्याचं. नाव तेच, ताकद कितीतरी पट. औषधाच्या दुकानातून घेताना बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा.

ठरलेल्या तारखेला परत जाणं हा उपचाराचाच भाग आहे. डॉक्टरांनी दीड-दोन महिन्यांनी बोलावलं आणि घरच्यांनी ‘पट्टी चालू आहे ना’ म्हणून सहा महिने लावले, तर झाकलेला चांगला डोळाच मागे पडू शकतो. तान्ह्या मुलांत हा धोका जास्त. आणि नजर सुधारली म्हणून आपल्या मनाने पट्टी बंद केली तर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत ती पुन्हा घसरते. पट्टी हळूहळू कमी करतात, त्यानंतरही वर्षभर नजर ठेवतात. सात वर्षांनंतर काहीच होत नाही, असं मात्र नाही. ८ ते १२ वर्षांच्या मुलांतही सुधारणा दिसते, फक्त कमी आणि सावकाश.

तिरळेपणा

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून भटकला तर ठीक. त्यानंतर कधीमधी दिसला तरी दाखवायचा. काही बाळांचं नाक बसकं आणि रुंद असल्याने डोळे आत वळल्यासारखे भासतात. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बाहुल्यांवरचा प्रकाशाचा ठिपका सारख्याच जागी असेल तर तो बहुधा भास असतो. तरी निकाल डॉक्टरांनीच द्यावा. ‘तिरळी माणसं नशीबवान असतात’ या गोड समजुतीपायी आपल्याकडे कितीतरी मुलांचा एक डोळा कायमचा गेला आहे.

दोन-तीन वर्षांच्या आसपास अचानक डोळे आत वळायला लागले तर मोठा प्लस नंबर हे एक नेहमीचं कारण. स्पष्ट दिसावं म्हणून मूल भिंगावर जोर देतं, आणि त्या जोराबरोबर डोळे आत ओढले जातात. चष्म्याने जोर द्यायची गरज संपते आणि डोळे सरळ होतात. चष्मा काढला की पुन्हा वळतात, ते आधीपेक्षा जास्त वळल्यासारखे वाटतात, आणि घरचे चष्म्यालाच दोष देतात. खरं तर चष्मा त्याचं काम करतोय याचा तो पुरावा आहे. अशा तिरळेपणाला शस्त्रक्रिया नको असते.

ज्यांना ती लागते, त्यांच्या घरच्यांच्या मनात एक भीती हमखास असते: डोळा बाहेर काढून ठेवतात का? नाही. डोळ्याबाहेरचे स्नायू काही मिलिमीटर मागे सरकवतात किंवा आखूड करतात. डोळ्याच्या आत शिरतही नाहीत. दोन-तीन आठवडे लाली राहते. काही मुलांना पुढे दुसऱ्यांदा करावी लागते, हे आधी कळलं तर धक्का बसत नाही. शस्त्रक्रियेने चष्मा किंवा पट्टी सुटत नाही, कारण ती डोळ्याची दिशा बदलते, नजर नाही.

ज्याला उद्या चालत नाही

काही गोष्टींत आठवड्यांचा हिशेब असतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणं ही त्यातली पहिली. मांजराच्या डोळ्यासारखी चमक, कधी फक्त फोटोतच दिसणारी: एका डोळ्यात नेहमीचा लाल रंग आणि दुसऱ्यात पांढरा. हा मोतीबिंदू असू शकतो, किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग, जो बहुतेक वेळा ५ वर्षांच्या आत होतो. कधी कॅमेऱ्याच्या कोनानेही एक डोळा पांढरा येतो, पण ते तपासल्यावरच म्हणायचं. तो फोटो मोबाइलमधून पुसू नका, डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा डोळाही. लेझर, गोठवण्याचा उपचार, केमोथेरपी, आणि फार पुढे गेलेला असेल तर डोळा काढणं, असे मार्ग आहेत. भावंडांचे डोळेही तपासावे लागतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात या आजाराचे उपचार होतात.

जन्मजात मोतीबिंदू दाट असेल आणि एकाच डोळ्यात असेल तर साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्हीत असेल तर ८ आठवड्यांच्या आसपास शस्त्रक्रिया व्हावी लागते. आजोबांच्या मोतीबिंदूसारखा हा ‘पिकू’ द्यायचा नसतो. इतक्या लहान बाळात कृत्रिम भिंग बहुतेकदा लगेच बसवत नाहीत, कारण डोळा झपाट्याने वाढतो. जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात, भिंग पुढे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे अर्धंच काम झालं. चष्मा, पट्टी आणि डोळ्यातल्या दाबाची तपासणी वर्षानुवर्षं चालते. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. बाळाला ९ महिन्यांपासून आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात ती गोवर-रुबेलाची लस पुढच्या पिढीच्या डोळ्यांसाठीही असते.

‘किती टपोरे डोळे आहेत!’ असं बाळाचं कौतुक होत असेल आणि बाळ उजेडाकडे पाहत नसेल, डोळे मिटून घेत असेल, सतत पाणी येत असेल, बुबुळ दुधाळ वाटत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. नवजात बाळाचं बुबुळ सुमारे १० मिलिमीटर रुंद असतं. पहिल्या वर्षात १२ च्या पुढे गेलं तर संशय घेतात. डोळ्यातला दाब वाढल्याने डोळा फुगत जातो. यावर थेंबांनी वेळ काढता येतो, पण मुख्य उपचार शस्त्रक्रियेचाच.

नुसतं पाणी आणि चिपडं येत असतील, उजेडाचा त्रास नसेल, तर बहुधा अश्रूंच्या नळीचं खालचं टोक उघडलेलं नसतं. नखं कापलेल्या स्वच्छ बोटाने नाकाशेजारच्या कोपऱ्यात दाबून बोट खाली नाकपुडीच्या दिशेने ओढायचं, एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. नुसतं हलक्या हाताने चोळून उपयोग नाही, नळीतला दाब खालचा पडदा उघडतो. बहुतेक बाळांत वर्षभरात ती उघडते. नाही उघडली तर भूल देऊन बारीक सळई घालून मोकळी करतात. आईचं दूध, गुलाबपाणी, मध, तूप यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

आणि वेळेआधी जन्मलेली बाळं. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जवळजवळ ४० आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ आधी जन्मलं, ऑक्सिजन लागला, की त्यांची वाढ बिघडते, वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या उगवतात आणि पडदा सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. त्याहून थोडी मोठी, पण फार आजारी पडलेली बाळंही तपासतात. एकदा ‘ठीक आहे’ म्हटल्याने संपत नाही. वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं.

घोळ कुठे होतो ते ठरलेलं आहे. बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येतं, वजन वाढतं, घरी सोडतात, बाळंतीण माहेरी जाते, आणि डोळ्यांची तारीख कार्डाच्या कोपऱ्यात राहून जाते. घरी सोडताना एकच प्रश्न विचारा: डोळ्यांची तपासणी झाली का, आणि पुढची कुठल्या तारखेला, कुठे? माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथलं ठिकाण आधीच लिहून घ्या. उपचार लागला तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करतात, त्यात नातेवाइकांशी मसलत करत आठवडा घालवायची सोय नसते.

भूल द्यायच्या दिवशी

मोठ्यांची डोळ्याची शस्त्रक्रिया डोळा बधिर करून होते. मूल स्थिर पडून राहू शकत नाही, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते. पोट रिकामं हवं, कारण भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. जेवण, बिस्कीट, गाईचं किंवा डब्याचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. भुकेने रडतंय म्हणून कुणीतरी हळूच बिस्कीट देतं, मग शस्त्रक्रिया रद्द होते. लपवलं तर त्याहून वाईट. दिलं असेल तर सरळ सांगा. ताप, खोकला, घरघर असेल तर भूलतज्ज्ञ काही आठवडे पुढे ढकलतात. सर्दी झालेल्या मुलाची श्वासनळी भुलीत आखडू शकते.

खाज, थेंब आणि इजा

उन्हाळा आला की काही मुलांचे डोळे लाल होतात, खाजतात, दोऱ्यासारखी घाण येते. ही अॅलर्जी. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचा थेंब आणला की दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटतं, म्हणून तीच बाटली दर महिन्याला येते. महिनोन् महिने असा थेंब घातला तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टिरॉइड वाईट औषध नाही, पण ते किती दिवस आणि कसं कमी करत न्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. डोळे जोरात चोळण्यानेही नुकसान होतं. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. थंड पाण्याची घडी ठेवावी, चोळू देऊ नये.

आपल्या घरांतला एक खास धोका म्हणजे खायच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब. मूल ती दाबतं, फुटते, चुना थेट डोळ्यात. चुना आम्लासारखा वरच्या थरावर थांबत नाही, आत आत मुरत जातो. रुग्णालयात धावण्याआधी तिथल्या तिथे नळाखाली किंवा तांब्याने डोळा उघडून धरून निदान अर्धा तास पाणी ओतत राहायचं, दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाने काढायचे, मग निघायचं. वाटेतही पाणी चालू ठेवता आलं तर उत्तम. रुग्णालयात पापणी उलटवून तिच्यामागे अडकलेले कण काढतात, तोवर चुना काम करतच असतो.

टोकदार वस्तू लागली असेल, म्हणजे कर्कटक, पेन्सिल, खेळातला धनुष्यबाण किंवा फटाक्याचा तुकडा, तर नियम बरोबर उलटे. डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, थेंब घालायचा नाही, रुतलेलं काही काढायचं नाही. कागदी पेला डोळ्यावर उपडा ठेवून चिकटपट्टीने कपाळाला आणि गालाला लावायचा, म्हणजे डोळ्याला स्पर्श होत नाही. मुलाला खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. किती वाजता, कशाने लागलं आणि धनुर्वाताची लस कधी झाली, एवढं लक्षात ठेवून निघावं.

कुठे, कसं, किती खर्चात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. पथकाने ‘पुढे पाठवा’ असं लिहिलेला कागद घरी आला तर तो दप्तरात राहू देऊ नका. त्याच्यावर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवता येतं, आणि तिथून गरजेनुसार मोठ्या रुग्णालयात पाठवतात. मुंबईत जे. जे., केईएम आणि शीव, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय मेडिकल कॉलेज, या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. शस्त्रक्रिया लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. ते रुग्णालयात खिडकीवरच बसलेले असतात. रेशन कार्ड, मुलाचा आधार किंवा जन्मदाखला लागतो, आणि कुठली शस्त्रक्रिया योजनेत बसते ते तेच सांगतात. हे पैसे भरून झाल्यावर नाही, भरती होण्याआधी विचारायचं.

सगळे उपचार करूनही नजर कमीच राहिली, तर रुग्णालयाचं काम थांबत नाही. दृष्टिसाहाय्य विभागात भिंगं, छोट्या दुर्बिणी, वाचायचा तिरपा स्टँड अशा गोष्टी मुलाला वापरायला शिकवतात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला मदत करतात. त्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. शाळेत पहिला बाक, फळ्यावर उजेड न चकाकेल अशी जागा आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज करायचा असतो, तोही जूनमध्येच.